बारवेचं मधलं दार

"मधल्या दारानं न्यायचं. न्हाईतर हितनं उचलायचंच न्हाई," आई म्हणाली आणि आबांच्या पायाशी मांडी ठोकून बसली.

तिरडी बांधून झाली होती. माझा चुलतभाऊ दत्तू मडकं धरून उभा होता आणि धरून धरून त्याचा हात अवघडला होता. चैत्राचं ऊन, वर पत्रा. गावाकडून आलेले गणूकाका, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, एकदा आईकडं आणि एकदा माझ्याकडं बघत होते. मी शिकलेली, आडगावच्या शाळेत मास्तरीण, सकाळच्या एस्टीनं आलेली. मी आईला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात असं त्यांना वाटत होतं. आमच्या आईला शहाणपण सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे त्यांना ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही.

"वैनी, ऊन चढलंय," काका म्हणाले. "मयत किती येळ ठिवायचं?"

"ठिवा."

"आनि त्यांनी दार उगडलंच न्हाई तर?"

"मग मीबी हितंच बसते. दोघांना एकदमच न्या."

काकांनी टोपी काढून घाम पुसला. दारात शेजारपाजारचं कुणी नव्हतं. मयताच्या घरी इतकी कमी माणसं मी त्याआधी कधी बघितली नव्हती आणि नंतरही नाही. आळीतली दारं उघडी होती, आत माणसं होती, चुली पेटलेल्या होत्या. आमच्या दारात येणार मात्र कुणी नव्हतं. संप सुरू होऊन वर्ष होत आलं होतं आणि आबा दिवाळीनंतर पोलिसांच्या गाडीत बसून गिरणीत कामाला गेले होते. संपफोड्याच्या मयताला कोण येतंय?

मधलं दार म्हणजे बारवेचं मधलं दार. पाटीवर 'गिरणी कामगार सभागृह' असं लिहिलेलं होतं, पण गावात ते नाव कुणी घेत नसे. माझ्या जन्माच्या आधी कामगारांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः राबून ते बांधलं. गवंडी मिळाला तो वैरागकडचा, आणि त्यानं आयुष्यभर विहिरीच बांधलेल्या. त्याला जे येत होतं ते त्यानं बांधलं. जमिनीत खोल चौकोन खणला, तीन बाजूंनी घडीव दगडाच्या पायऱ्या उतरवल्या आणि वर छप्पर घातलं. लोक हसले, म्हणाले, ही तर बारव झाली, आता पाणी भरा. तेच नाव पडलं.

हसणारे हसले, पण साचेवाल्यांना हवी होती तशीच ती झाली होती. साचे म्हणजे कापड विणायचे माग. ते शेकड्यांनी एकदम चालतात तेव्हा खडखडाटात शेजारच्याची हाकही ऐकू येत नाही. साचेखात्यात काही वर्षं काढली की माणूस कानानं अधू होतो आणि ओठ बघून बोलायला शिकतो. आमच्या घरात पाठ करून कुणी बोलत नसे. मी लहानपणी दुसऱ्यांच्या घरी गेले की मला नवल वाटायचं, ही माणसं भिंतीकडं तोंड करून कशी बोलतात आणि समोरच्याला ते कळतं कसं?

म्हणून बारवेत बोलणारा खाली तळावर उभा राहायचा आणि ऐकणारे वर पायऱ्यांवर बसायचे. छपराला बरोबर तळावर एक काचेचा झरोका होता. उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडायचा, मागच्या पायरीवरच्यालाही ओठ दिसायचे. पायऱ्यांच्या वर तिन्ही बाजूंना मोठमोठ्या कमानी होत्या, त्यांच्या बाहेर ओटा होता, आणि चौथ्या बाजूला, बोलणाऱ्याच्या पाठीमागं, ते मधलं दार होतं. रस्त्यावरून उतार करून त्या दाराशी आणला होता. सभेच्या वेळी ते बंदच असे, कारण मागून उजेड आला की बोलणाऱ्याचं तोंड काळं दिसतं. ते उघडायचं ते दोनच वेळी. कामगाराच्या घरचं लग्न असलं की नवरानवरी त्या दारानं आत येत, आणि कामगार मेला की त्याला त्या दारानं आणून तळावर ठेवत. सगळे पायऱ्यांवर बसत, खात्यातलं कुणीतरी चार शब्द बोले, मग न्यायचे. माझं बारसंही बारवेतच झालं होतं. आता तिथं मंगल कार्यालय आहे. तळावर फळ्या टाकून सगळं सपाट केलंय आणि वर स्पीकर लावलेत. असो.

बारवेचा दुसरा नियम पाठीचा. तळावर उभ्या माणसाचं बोलणं संपेपर्यंत त्याच्याकडं बघायचं, मग तो शत्रू का असेना. बोलणं संपलं आणि पटलं नाही, तर उठून त्याच्याकडं पाठ करायची. हात वर करणं नाही, आरडाओरडा नाही. जास्त पाठी झाल्या की गोष्ट बारगळली. संपात जे आत गेले त्यांना सगळ्या गावानं अशी पाठ दिली होती. शिव्या दिल्या नाहीत, दगड मारले नाहीत. ते दिसले की तोंड फिरवायचं, एवढंच. ऐकू येणाऱ्याला ही शिक्षा किरकोळ वाटेल. ज्याचं ऐकणंच डोळ्यांनी चालतं, त्याला पाच महिने कुणी तोंड दाखवलं नाही म्हणजे काय झालं असेल याचा विचार करा.

मी चप्पल घातली आणि रंगातात्यांकडं निघाले.

रंगातात्या भोईटे युनियनचे अध्यक्ष. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आबांच्या शेजारच्या साच्यावर त्यांनी उभा जन्म काढलेला. मला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेले तात्या ते हेच. बारवेच्या ओट्यावर संपकऱ्यांसाठी पिठल्याची कढई चढली होती आणि तात्या जळण फोडत होते. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"आलीस व्हय," ते म्हणाले. "कवा गेला?"

"काल संध्याकाळी. कामावरनं आले, पाणी मागितलं आणि आडवे झाले ते उठलेच नाहीत."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते कळलेलं होतंच.

"तात्या, आई म्हणते मधल्या दारानं न्यायचं."

"मला वाटलंच चंपावैनी आसं म्हननार."

"मग?"

तात्या फळकुटावर बसले. "पोरी, माघात इंगळ्याची म्हातारी गेली. दवाखान्यात न्यायला कुनाकडं दमडी न्हवती. तिची तीन पोरं, तीनही साचेखात्यात. एक जन जरी आत गेला असता तर म्हातारी वाचली असती. न्हाई गेलं. म्हातारीला ह्या दारानं आनली, तळावर ठिवली. आता त्याच जाग्यावर निवृत्तीला ठिवू? ती तीन पोरं वर पायरीवर बसून बगत्याल?"

मी बाजूला पडलेली ढलपी उचलून जळणावर टाकली.

"ते दार माज्या एकट्याचं न्हाई," तात्या उठत म्हणाले. "सभा बसिवतो. चंपावैनी संपात हाय, तळावर उभं ऱ्हायचा तिचा हक्क हाय. तिला म्हनावं, ये आनि बोल."

आई खरंच संपात होती. ती कांडीखात्यात, सूत कांड्यांवर भरायच्या कामाला, आणि पहिल्या दिवसापासून बाहेर. एकाच घरात एक संपकरी आणि एक संपफोड्या, एकाच चुलीवर जेवत होते. बारवेतल्या बायका आईशी बोलायच्या, पण तिच्या घराची पायरी चढायच्या नाहीत. त्याच्या आधी, आबा अजून बाहेर होते तेव्हाही, संप इतका लांबलेला असताना दुपारच्या वेळी आमच्या घरातून मुसळाचा आवाज यायचा. आळीनं तर्क लढवलाच होता, की चंपीच्या घरात धान्याची पोती आहेत. मला एका बाईनं एस्टी स्टँडवर तोंडावर ऐकवलं होतं, तुमचं काय बाई, तुम्ही कांडून खाताय. मी आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, बोलनाऱ्याचं तोंड धरता येतं व्हय? आणि विषय संपला.

तात्यांचा निरोप सांगताच आई उठली आणि आम्ही आबांना घेऊन निघालो. काका, दत्तू, माझे मामा आणि गावाकडचा एक भाऊबंद असे चौघं खांद्याला. दत्तूच्या हातातलं मडकं मी घेतलं, कारण पाचवा माणूस नव्हता. बायकांनी मयताबरोबर जायचं नसतं हे सांगायलाही कुणी नव्हतं. उतारावर, बंद मधल्या दारासमोर, तिरडी खाली ठेवली. आई बाजूच्या कमानीनं आत गेली आणि तिच्या मागं मी.

बारव भरली होती. पायऱ्या गच्च होत्या. वर्षभरात माणसं वाळली होती, सदरे अंगावर लोंबत होते. डाव्या बाजूला कांडीखात्यातल्या बायका, समोर आणि उजवीकडं पुरुष. आई पायऱ्या उतरून तळावर गेली. झरोक्याचं ऊन तिच्या तोंडावर पडलं. रात्रभर जागलेली, केस सुटलेले, पदर खोचलेला. ती घाबरली असेल असं मला वाटलं. पण आईनं एकदा सगळीकडं फिरून बघितलं आणि रीतीप्रमाणं नाव सांगितलं.

"मी चंपा निवृत्ती ढवळे, कांडीखातं. मी पयल्या दिसापासनं संपात हाय, हे तुमाला ठावं हाय. माजा नवरा आत गेला. गेला ते गेला. त्यानं पगार आनला, तो मी हातात घेतला, जवारी आनली आनि दोघांनी खाल्ली. मेलेल्या मानसाम्होरं खोटं बोलनार न्हाई."

कुणीतरी खाकरलं. आई थांबली, मग पुन्हा बोलली. तिला ऐकू चांगलं यायचं, पण ती बोलायची ओठ मोठे करून, साचेवाल्याची बायको बोलते तशी.

"पर पैशासाटी गेला न्हाई. साचं बंद झालं आनि त्यांच्या कानात सुरू झालं. शिट्टीवानी. रातंदीस. भितीला डोकं आपटायचे. स्टो पेटवून कानाजवळ धरायचे, ते रॉकेल संपलं. मग म्हनायचे, चंपे, कायतरी वाजीव. मी रिकाम्या उखळात मुसळ घालायची. तुमी म्हनलाव, चंपीच्या घरात पोती हायती. माज्या उखळात दाना न्हवता. मी वाजवायची आनि ते निजायचे. माजा हात थांबला की दचकून उठायचे. किती वाजवनार? माजं हात सोलून निघालं." तिनं दोन्ही तळवे वर करून दाखवले. "एक दिस म्हनाले, मला साच्याम्होरं उभं ऱ्हाऊ दे, न्हाईतर मी हिरीत उडी टाकतो. म्या म्हनलं, जावा. म्याच धाडलं. तिथं खडखडाटात त्यांच्या कानातलं थांबायचं. दोन घटका थांबायचं, बास. पाठ द्यायची तर मला द्या. त्यांना आत आनू द्या."

मी हे पहिल्यांदा ऐकत होते. मी पुरुषांच्या तोंडांकडं बघत होते, आणि मला दिसलं की त्या तोंडांवर नवल नव्हतं. आईनं काही नवीन सांगितलं, असं एकाच्याही चेहऱ्यावर नव्हतं.

तात्या तळावर आले. आईच्या समोर उभे राहिले, पण तोंड सगळ्यांना दिसेल असं.

"वैनी," ते म्हणाले, "माज्याबी कानात वाजतं."

आई त्यांच्याकडं बघत राहिली.

"हितं बसलेल्या हरेक साचेवाल्याच्या कानात वाजतं. कुनी सांगत न्हाई. मी रोज दुपारी पेठंतल्या पिठाच्या गिरनीत जाऊन बसतो. लोकं म्हनत्यात तात्याचं दळान संपतच न्हाई. माज्या घरात दळायला काय हाय? तिथं पट्टा फिरतो, आवाज असतो, म्हनून बसतो. हा बाबू इंगळे रेल्वेच्या पुलाखाली जाऊन निजतो. मला वाटलं व्हतं मी एकलाच. न्हाई. समद्यांचं त्येच हाय." त्यांनी तळहात कानावर दाबला. "पर आमी आत गेलो न्हाई, वैनी. निवृत्ती मला म्हनला असता, तर मी त्याला माज्यासंगं पिठाच्या गिरनीत बसिवला असता. म्हनला न्हाई. आनि मीबी त्याला कदी म्हनलो न्हाई."

त्यांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "आता ज्याचं त्यानं ठरवा." पायऱ्या चढून ते समोरच्या बाजूला साचेवाल्यांत आपल्या जागेवर गेले. आणि सगळ्यात आधी त्यांनीच पाठ केली.

मग इंगळ्यांची तिन्ही पोरं उठली. मग त्यांच्या शेजारचे. धोतरं, पायजमे, वळणारे खांदे. कुणी घाई केली नाही. कांडीखात्यातल्या बायका तेवढ्या आईकडं बघत बसून राहिल्या, त्यांतल्या दोघीतिघी पदरात तोंड घालून रडत होत्या. बाकी दोन्ही बाजू पाठींनी भरून गेल्या. मधलं दार उघडणार नव्हतं.

मला संताप आला असं मी आज म्हणू शकत नाही. मला फार वाईट वाटलं, आबांचं वाटलं आणि त्या माणसांचंही वाटलं. मी आईचा हात धरला आणि म्हणाले, "चल आई."

ती हलली नाही. मान वर करून ती त्या पाठींकडं बघत होती. मग मला म्हणाली, "हिरा, ह्यांची तोंडं कुठं हायती?"

"काय?"

"तोंडं. तिकडं ओट्याकडं हायती न्हवं?"

माझ्या लक्षात यायच्या आत ती पायऱ्या चढून बाहेर पडली. उतारावर जाऊन काकांना म्हणाली, "उचला. ओट्यावरनं फिरवून न्यायचं. डावीकडनं जाऊन मागनं वळायचं आनि उजव्या अंगानं रस्त्याला यायचं."

"वैनी, डोकं फिरलं का तुमचं?" काका म्हणाले. "मयताला देवळागत प्रदक्षना घालत्यात व्हय? झालं ना त्यांचं सांगून? आता आनि कशाला त्यांच्या डोळ्याम्होरं नाचवायचं? त्यांना काय दावायचंय तुमाला?"

"त्यांना कोन दावतंय?" आई म्हणाली. "ह्यांना दावायचंय. पाच म्हैनं ह्या मानसानं एकाचंबी तोंड बगितलं न्हाई, भावजी. रोज घरी येऊन मला म्हनायचे, आज बाबू दिसला, पाठमोरा. आज रंगा दिसला, पाठमोरा. आता समदी तोंडं एका जाग्याला हायती. त्यांना बगू द्या आनि मग न्या."

काकांनी डोळे पुसले आणि वाकून तिरडीला हात घातला.

"खांद्यावर नको," आई म्हणाली. "हातावरच धरा. आनि डोईकडनं जरा वर असू द्या."

असे आम्ही ओट्यावर चढलो. पुढं मडकं घेऊन मी, मागं ते चौघं, आणि तिरडीला हात लावून आई. डाव्या बाजूच्या कमानींतून बायका उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. मग आम्ही मागच्या बाजूला वळलो.

तिथं ते सगळे होते. पायऱ्यांवर ओळीनं उभे, तोंडं बाहेर. एकदा पाठ केली की अध्यक्षानं सांगेपर्यंत वळायचं नाही ही रीत, आणि अध्यक्ष त्यांच्यातच उभे. आम्ही पहिल्या कमानीशी आलो तेव्हा त्यांना कळलं काय होतंय. काहींनी माना खाली घातल्या. काहींनी डोळे मिटले. एका म्हाताऱ्यानं गडबडीत डोक्याची टोपी काढली आणि ती कुठं ठेवावी हे त्याला सुचेना. इंगळ्यांचा थोरला, बाबू, ताठ मानेनं आबांकडं बघत राहिला. काका कमानीकमानीशी थांबत होते. त्यांना आईनं थांबायला सांगितलं नव्हतं.

आई आबांच्या कानाशी वाकून बोलत होती. आयुष्यभर त्यांच्या समोर उभं राहून, ओठ दाखवून बोललेली बाई त्या दिवशी कानाशी बोलत होती. "ह्यो बाबू. बगा. वाळलाय न्हाई? ह्यो गुंडू, मिशा काढल्याती त्यानं. ह्यो सदाशिव." नावं घेत घेत ती पुढं सरकत होती. मेलेल्या माणसाला ऐकू येतं की नाही मला ठाऊक नाही. पण साचेखात्यात गेल्यापासून आबांना कुणी असं कानात हळू काही सांगितलं नसेल. मी तिथंच रडायला लागले आणि मडकं हातातून पडेल म्हणून पोटाशी घट्ट धरलं.

तात्या त्या बाजूच्या शेवटच्या कमानीत होते. त्यांनी डोळे मिटले नव्हते. आई त्यांच्यासमोर थांबली, नाव मात्र घेतलं नाही. आबांच्या आणि त्यांच्या तोंडात हातभर अंतर असेल. दोघं साच्यांवर उभे असायचे तेव्हाही एवढंच असायचं. तात्यांचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण मी त्या घरात वाढलेली, मला वाचता आलं. ते म्हणत होते, "मला सांगायचं व्हतंस रं. मला सांगायचं व्हतंस."

"चला," आई म्हणाली.

आम्ही उजव्या अंगानं फिरून रस्त्यावर आलो आणि मग चौघांनी आबांना खांद्यावर घेतलं. पेठेतून जाताना मला मागं कुणी असल्यासारखं वाटलं. वळून बघितलं तर तात्या येत होते. अनवाणी, एकटेच, बरेच मागं राहून. मसणवट्याच्या वळणावर मामांचा पाय लचकला तेव्हा ते पुढं आले आणि मामांच्या जागी त्यांनी खांदा दिला. आईनं ते बघितलं.

बारवेनं ज्याला पाठ दिली त्याला खांदा देणारा तोही फुटलेलाच, हा नियम तात्यांनीच संपाच्या सुरुवातीला तळावर उभं राहून सांगितला होता. त्यांना त्याची आठवण करून द्यायची कुणाला गरज पडली नाही. आबांच्या तिसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः सभा बोलावली, तळावर उभे राहिले, आपलं नाव आणि खातं सांगितलं आणि म्हणाले, मी निवृत्ती ढवळ्याला खांदा दिला, मला पश्चात्ताप न्हाई, आता तुमी ठरवा. बायकाही त्या दिवशी वळल्या. वळली नाही ती फक्त आई. अध्यक्षपद बाबू इंगळ्याकडं गेलं.

संप पुढं पावसाळा संपेपर्यंत रेटला आणि मग मोडला. गिरणी काही सुरू झाली नाही, आत गेलेल्यांसाठीही नाही आणि बाहेर राहिलेल्यांसाठीही नाही. पण ते नंतरचं. मी मे महिन्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा संप चालूच होता आणि तात्यांकडं गावात कुणी बघत नव्हतं. वाण्याच्या दुकानात ते उभे राहिले की वाणी वजनाकडं बघत माल द्यायचा.

रोज दुपारी ते आमच्या दारात येऊन पायरीवर बसत. आई निवडायचं सूप घेऊन त्यांच्या समोर बसे आणि बोले. काय बोले? आज नळाला पाणी आलं नाही, हिराच्या शाळेत तपासणी झाली, सदाशिवाच्या सुनेला मुलगी झाली. गावात काय चाललंय ते त्यांना दुसरं कोण सांगणार? तात्या तिच्या ओठांकडं टक लावून बघत, मध्येच हसत, मध्येच मान हलवत. आळी बघायची आणि बोलायचीही, पण आईला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

एकदा मी आतून ऐकलं. तात्या म्हणाले, "वैनी, मी पाठ द्याया नगं व्हती का?"

आईचं सूप थांबलं. तिनं विचार केला असावा.

"तुमच्या जागी मी असते तर मीबी दिली असती," ती म्हणाली.

"मग राग गेला म्हनायचा?"

"कुठला जातोय? राग हाय. तो मरस्तवर ऱ्हानार." सूप पुन्हा हललं. "उद्या जरा लवकर या. ह्या टायमाला पायरी लई तापती."

दुसऱ्या दिवशी तात्या लवकर आले.